तापाची गोळी तीन दिवसांची, यकृताची चौदा दिवसांची

पत्राचा सारांश

नाशिकच्या सिडकोतून एका आईंचं पत्र आलं आहे. त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा नवी मुंबईत बांधकामावर सुपरवायझर आहे, वजन ८४ किलो. जुलैअखेर सुट्टीला घरी आला तो तापानं फणफणतच. रक्त तपासलं, 'पीव्ही' मलेरिया निघाला. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरला. पुढे रोज एक याप्रमाणे चौदा दिवसांची दुसरी गोळी होती, ती त्यानं पाचच दिवस घेतली. श्रावणी सोमवारी उपवासाच्या पोटी घेतली, कळा आल्या; आजी म्हणाल्या, उष्ण पडतंय, ताप गेला ना, मग कशाला? ऑगस्टमध्ये तो कामावर परतला. आता नवरात्राला घरी आला आणि पुन्हा हुडहुडी भरली. पुन्हा पीव्ही, प्लेटलेट ७४ हजार. डॉक्टर आता 'जी-सिक्स-पीडी' नावाची तपासणी सांगताहेत. आईंना वाटतं, पहिलं औषध लागूच पडलं नाही आणि ही तपासणी म्हणजे खर्चाला आणखी एक वाट. शेजारच्या मुलाला दिलं तसं 'स्ट्राँग इंजेक्शन' देणारा डॉक्टर शोधावा का? मुलाला नोकरी सोडायला लावावी का? मोठी मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली आहे, तिला परत सासरी पाठवावं का?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात एक वाक्य दोनदा आलं आहे: 'त्याच्या रक्तातून मलेरिया जातच नाही.' जुलैमध्ये त्याच्या रक्तातून मलेरिया गेला होता. ताप उतरला, तो दोन महिने कामावर जाऊ शकला, यावरूनच ते दिसतं. तो बहुधा राहिला यकृतात, आणि यकृतासाठीची गोळी अर्धीही झाली नव्हती. हे नीट उमजलं की तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं बदलतात.

अ‍ॅनॉफिलीस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून मलेरियाचे सूक्ष्म परजीवी शरीरात उतरतात आणि थोड्याच वेळात यकृतात शिरतात. तिथं आठवडा-दीड आठवडा गुपचूप वाढतात. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. मग हजारोंच्या संख्येनं रक्तात येतात आणि तांबड्या पेशींत घुसतात. ताप येतो तो तेव्हापासून. व्हायवॅक्स जातीत, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधल्या 'पीव्ही'त, यातले काही परजीवी यकृतातच निपचित पडून राहतात. ते वाढत नाहीत की विभागत नाहीत. तीन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, कधी आठ-दहा महिन्यांनी त्यातले काही जागे होतात आणि नवा डास न चावताही पुन्हा तीच हुडहुडी सुरू होते. डासातून मलेरिया पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला सापडला, पण माणसाच्या यकृतातला हा मुक्काम दाखवायला १९४८ साल उजाडावं लागलं आणि झोपून राहणारी अवस्था तर त्यानंतरही तीसेक वर्षांनी हाती लागली. डॉक्टरांनाच इतकी वर्षं चकवणारी गोष्ट घरच्या आजींना ठाऊक नसणं अगदी साहजिक आहे. त्यांना दोष देऊ नका.

तीन दिवसांची गोळी क्लोरोक्विनची. ती रक्तातल्या परजीवींना मारते. यकृतात झोपलेल्यांना तिचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, ती चौदा दिवसांची. सरकारी भाषेत याला 'समूळ उपचार' म्हणतात आणि हा शब्द अगदी चपखल आहे. गंमत अशी की ताप उतरतो क्लोरोक्विननं, त्यामुळे प्रायमाक्विन घेताना माणूस ठणठणीत असतो आणि गोळी बिनकामाची वाटू लागते. महाराष्ट्रात हजारो घरांत ती याच कारणानं अर्धवट राहते. शिवाय क्लोरोक्विनचा अंश रक्तात महिनाभर रेंगाळतो. त्या काळात एखादा परजीवी जागा झाला तरी दबून जातो. म्हणून उलटलेला मलेरिया बहुतेकदा दीड-दोन महिन्यांनी किंवा त्यानंतर डोकं वर काढतो. तुमच्याकडे नेमकं तेवढंच अंतर आहे.

आता जरा हिशेब मांडू, कारण तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निसटली असावी. प्रायमाक्विनची मात्रा वजनावर ठरते: दर किलोला रोज पाव मिलिग्रॅम, चौदा दिवस. ६० किलोच्या माणसाला १५ मिलिग्रॅम. बहुतेक ठिकाणी प्रौढ माणसाला सरसकट हीच मात्रा लिहिली जाते. तुमच्या मुलाच्या ८४ किलोला रोज २१ मिलिग्रॅम बसतात, चौदा दिवसांचे २९४. त्याला रोज १५ मिळाले असतील आणि पाच दिवसच घेतले असतील, तर पोटात गेले फक्त ७५, म्हणजे पाव हिस्सा. क्लोरोक्विनचंही तसंच. पूर्ण मात्रा दर किलोला २५ मिलिग्रॅम, तीन दिवसांत विभागून: पहिल्या दोन दिवशी १०-१०, तिसऱ्या दिवशी ५. नेहमीच्या गोळीच्या पट्टीवर २५० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते क्लोरोक्विन फॉस्फेटचं वजन. त्यात प्रत्यक्ष औषध, म्हणजे बेस, १५० मिलिग्रॅम. म्हणून प्रौढांना ४, ४ आणि २ गोळ्या सांगतात, आणि तो हिशेबही ६० किलोचाच. हे सगळं डॉक्टरांसमोर ठेवण्यासाठी लिहितो आहे, घरी मात्रा वाढवण्यासाठी अजिबात नाही. क्लोरोक्विन जास्त झालं तर हृदयावर येतं. डॉक्टरांना सरळ विचारा: 'याचं वजन ८४ आहे, मात्रा वजनाप्रमाणे लिहिली आहे ना?' चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता ती तपासणी, जिच्यामुळे तुमचा डॉक्टरांवरचा विश्वास डळमळला. मला तर ती सांगणारा डॉक्टर सोडू नये असंच वाटतं. जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. ते पेशीला काही औषधांच्या माऱ्यापासून वाचवतं. काही माणसांत ते जन्मतःच कमी असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं हा दोष पुरुषांत जास्त ठळकपणे दिसतो. अशा माणसाला रोज प्रायमाक्विन दिलं तर तांबड्या पेशी फुटू लागतात: लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, कंबर दुखते, धाप लागते. जुलैमध्ये त्यानं पाच गोळ्या घेतल्या तेव्हा असं काही झालं होतं का, हे त्याला नीट विचारा आणि डॉक्टरांना सांगा. नुसत्या पोटातल्या कळा हे त्याचं लक्षण नव्हे. त्या रिकाम्या पोटी घेतल्यानं येतात. काही झालं नसेल तर चांगलंच, पण या वेळी मात्रा वाढण्याची शक्यता आहे, त्यामुळे तपासणी करून घेतलेली बरी. रिपोर्टमध्ये विकर कमी निघालं तरी वाट बंद होत नाही. तेव्हा दर किलोला पाऊण मिलिग्रॅम अशी मात्रा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात.

एक मात्र करा: या रिपोर्टसाठी क्लोरोक्विन अडवून ठेवू नका. ते निदान झालं त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. थांबायचं ते फक्त प्रायमाक्विनसाठी, आणि तेही एक-दोन दिवस.

शेजारच्या मुलाच्या इंजेक्शनबद्दल. त्याच्या रिपोर्टवर काय लिहिलं होतं ते तुम्ही विचारलंत का? माझा अंदाज आहे, 'पीएफ', म्हणजे फाल्सिपेरम. मलेरिया हे एका आजाराचं नाव असलं तरी माणसाला तो देणाऱ्या जाती पाच आहेत. आपल्याकडे गाठ पडते ती मुख्यतः व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम या दोघांशी. या दोघांचं वागणं इतकं वेगळं आहे की औषधाची तुलना करून उपयोग नाही.

काचपट्टीवर ते स्पष्ट दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी फिक्या गुलाबी चकत्यांसारख्या पसरलेल्या असतात. मधूनच एका चकतीत निळसर बारीक कडं आणि त्यावर जांभळट लाल ठिपका, हुबेहूब खड्याची अंगठी. परजीवीची पेशीतली ही पहिली अवस्था, रिपोर्टवर 'रिंग' लिहितात ती. व्हायवॅक्स कोवळ्या तांबड्या पेशीच निवडतो. त्याची पेशी फुगते, शेजारच्या पेशींहून मोठी दिसते आणि तिच्यात बारीक गुलाबी ठिपके उमटतात. आतली अंगठी वाढत वाढत वेडीवाकडी होते, हिमोग्लोबिन खाते, मागे तपकिरी कण ठेवते. ४८ तासांच्या सुमारास तिचे बारा ते चोवीस तुकडे झालेले असतात. पेशी फुटते, ते बाहेर पडतात आणि नव्या पेशी धरतात. लाखो पेशी एका वेळी फुटल्या की हुडहुडी, मग ताप, मग दरदरून घाम. म्हणून जुनी माणसं दिवसाआड येणारा ताप ओळखायची. पण पहिल्या आठवड्यात परजीवींची ही पाळी जुळलेली नसते, ताप रोजही येतो. 'दिवसाआड येत नाही म्हणजे मलेरिया नाही' असं धरून बसू नये.

फाल्सिपेरमच्या अंगठ्या नाजूक असतात, एकाच पेशीत दोन-तीन सापडतात, पेशी फुगत नाही. तो कोवळी-जून असा भेद न करता कुठल्याही तांबड्या पेशीत शिरतो, त्यामुळे त्याची संख्या झपाट्यानं चढते. आणि खरा धोका काचपट्टीवर दिसतच नाही. अंगठी थोडी मोठी झाली की ती पेशी चिकट होते आणि मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसं यांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. बोटाच्या रक्तात उरतात फक्त कोवळ्या अंगठ्या आणि नंतर केळ्याच्या आकाराची लैंगिक रूपं. रिपोर्टमधला आकडा कमी दिसतो आणि माणूस मात्र बरळायला लागलेला असतो. फाल्सिपेरमवर आपल्या देशात क्लोरोक्विन चालत नाही. त्याला आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन असा तीन दिवसांचा जोडउपचार आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनची एकच मात्रा असते; प्रकृती गंभीर असेल तर शिरेतून आर्टेसुनेट. फाल्सिपेरम यकृतात झोपून राहत नाही, म्हणून त्याला चौदा दिवसांची गोळी लागत नाही. तेच इंजेक्शन तुमच्या मुलाला दिलं तर रक्त साफ होईल, ताप उतरेल आणि यकृतातले आहेत तिथंच राहतील. म्हणजे दिवाळीपर्यंत किंवा होळीपर्यंत पुन्हा हेच.

व्हायवॅक्स म्हणजे 'साधा' मलेरिया, असंही मात्र समजू नका. तोही कधी कधी गंभीर वळण घेतो. उठून बसवत नाही, पोटात काही ठरत नाही, बोलणं असंबद्ध होतं, झटका येतो, श्वास जोरात चालतो, डोळे पिवळे होतात, लघवी गडद किंवा अगदी थोडी होते, कुठून रक्त येतं, यातलं एकही दिसलं तर घरी गोळ्या मोजत बसू नका. रात्र असली तरी थेट जिल्हा रुग्णालय किंवा अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय गाठा.

प्लेटलेटचा आकडा पाहून तुम्ही घाबरलात, ते दिसतंय. मलेरियात प्लेटलेट उतरणं नेहमीचं आहे. औषध लागू पडलं की काही दिवसांत त्या आपोआप वर येतात. पपईच्या पानांचा कडू रस पाजून आधीच मळमळणाऱ्या मुलाला उलट्या होतील आणि क्लोरोक्विन बाहेर पडेल, हा खरा तोटा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती मात्रा पुन्हा द्यावी लागते. तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या प्लेटलेट कमी असताना टाळा.

आता नोकरी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो पुन्हा साइटवर होता, त्यामुळे हा नवा डास चावून झालेला मलेरिया असण्याचीही शक्यता आहे. उलटलेला की नवा, हे नेहमीच्या तपासणीत कळत नाही आणि उपचार दोन्हींचा एकच आहे. पण नोकरी सोडून यकृतातले परजीवी जाणार नाहीत, ते नाशिकलाही त्याच्याबरोबरच असतील. चौदा गोळ्या पूर्ण होण्याआधी राजीनाम्याचा विचारही नको. साइटवर काय बदलता येईल ते पाहा: हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, तेव्हा झोपायला कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट. सुपरवायझर असल्यामुळे त्याच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. काँक्रीटच्या क्युरिंगचं साठलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, उघडी पिंपं आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करायला तो लावू शकतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा कोरडा दिवस पाळला की साखळी तुटते. आणि तापानं पडलेल्या मजुराला गोळी देण्याआधी त्याचा रक्तनमुना जावा, एवढं त्यानं पाहावं.

नासर्डी नदीच्या घाण पाण्यावर तुमचा राग आहे, तो असायलाच हवा, पण शहरातला मलेरियाचा मुख्य डास, अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. गटारातले ते बहुतेक दुसऱ्या जातीचे, क्युलेक्स. बॅटरी घेऊन गच्चीवरची टाकी उघडा. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या दिसल्या तर त्या अ‍ॅनॉफिलीसच्या. डोकं खाली करून तिरक्या लटकलेल्या असतील तर दुसऱ्या जातीच्या. दसऱ्याची साफसफाई चाललीच असेल, तर टाकी घासून घ्या आणि झाकण घट्ट बसतं का ते बघा.

मुलीला सासरी पाठवायची गरज नाही. मलेरिया ताट, पेला, श्वास, स्पर्श यातून पसरत नाही. मध्ये डास लागतोच, आणि त्याच्या पोटातही परजीवी तयार व्हायला दहा-बारा दिवस जातात. पण व्हायवॅक्सची डासाला लागण करणारी रूपं ताप येतो त्याच सुमारास रक्तात असतात. म्हणून आजच्या रात्रीपासून मुलगा मच्छरदाणीत झोपेल आणि मुलगीही. तिच्यासाठी हे विशेष महत्त्वाचं, कारण गरोदरपणात मलेरिया झाला तर आईला रक्तक्षय आणि बाळाचं वजन कमी असं दुहेरी नुकसान होतं. तिला ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. क्लोरोक्विन गरोदरपणात देता येतं. प्रायमाक्विन मात्र अजिबात देत नाहीत, तेव्हा भावाच्या पट्टीतली गोळी चुकूनही तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका. घरातल्या बाकीच्यांनी 'आधीच घेऊन ठेवू' म्हणून काही घेऊ नये.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या वाडी-वस्तीवरून किंवा छाटणीच्या कामासाठी दिंडोरी-निफाडच्या बागांत आलेल्या वाचकांनाही हेच लागू. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी आणि औषध मोफत आहे. नमुना पहिल्या गोळीआधी द्या. हुडहुडी भरण्याची वाट पाहायची गरज नाही. जाड थेंब आणि पातळ थर असे दोन्ही काचेवर घेतलेले असावेत: जाड थेंबात परजीवी आहे की नाही हे लवकर कळतं, पातळ थरात जात ओळखता येते. एकदा निगेटिव्ह आलं आणि ताप चालूच राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, असं तीनदा तपासावं. आणि झटपट रक्ततपासणीच्या किटवरची पीएफची रेघ उपचारानंतरही काही आठवडे उमटत राहते. तिच्यावरून औषध फसलं असं ठरवू नका, त्यासाठी काचपट्टीच पाहावी लागते.

या वेळच्या चौदा दिवसांसाठी एक साधी तजवीज करा. कालनिर्णयावर चौदा चौकोनांवर आकडे टाका आणि गोळी रोज रात्रीच्या जेवणानंतर, तुमच्या समोर. नवरात्राचे उपवास धरलेच असतील तर आधी वाटीभर साबुदाण्याची खिचडी किंवा राजगिऱ्याची भाकरी, मग गोळी. आजींनाही हे पटेल. तो कामावर परतला तर व्हिडिओ कॉलवर. लघवीचा रंग रोज पाहायला सांगा. गडद झाला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. पूर्ण मात्रा घेऊनही २८ दिवसांच्या आत ताप आला तर क्लोरोक्विनच लागू पडलं नाही का, हे तपासावं लागेल. पुढे वर्षभरात तो कुठंही असताना ताप आला, तर तिथल्या डॉक्टरांना दाखवायला हे मोबाइलमध्ये हवं: दोन्ही वेळचे रिपोर्ट, जी-सिक्स-पीडीचा रिपोर्ट, गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो, आणि 'व्हायवॅक्स, दुसरी खेप, प्रायमाक्विन चौदा दिवस पूर्ण' ही ओळ, खाली शेवटच्या गोळीची तारीख.